विजेंदरची दुसरी कारकीर्द कोणत्या मापाने मोजायची?

जानेवारी २०२५ मध्ये करनालच्या निशांत देवने लास वेगासमध्ये आपली पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. त्याआधी पाच-सहा महिन्यांपूर्वी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को वेर्देविरुद्ध त्याचे पदक अगदी थोडक्यात हुकले होते. चोवीस वर्षांचा हा मुलगा व्यावसायिक झाला आणि आपल्याकडे जुनीच भांडणे नव्या नावाने सुरू झाली. एका बाजूचे म्हणणे असे की देशाने घडवलेला मुष्टियोद्धा पदक न आणताच पैशाच्या मागे गेला. दुसऱ्या बाजूला त्याच्यात भारताचा पहिला व्यावसायिक जगज्जेता आत्ताच दिसू लागला आहे. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचा साक्षीदार एकच आहे, तो म्हणजे बीजिंग ऑलिंपिकचे कांस्य जिंकून २०१५ मध्ये व्यावसायिक झालेला विजेंदर सिंग. कोणाला तो देशाची जर्सी उतरवून ठेवणारा वाटतो, तर कोणाला सलग बारा लढती अपराजित राहिलेला सिंह. माझ्या मते दोन्ही साक्षी खोट्या आहेत. विजेंदरचे व्यावसायिक होणे पूर्णपणे रास्त होते, त्यात निष्ठेचा काही प्रश्नच नव्हता. आणि तरीही त्याची व्यावसायिक कारकीर्द त्याच्या हौशी कारकिर्दीपेक्षा बरीच खुजी ठरली. ही दोन विधाने एका श्वासात म्हणता येत नाहीत, म्हणून ती खुजी का ठरली या मुद्द्यापर्यंत आपली चर्चा कधी पोहोचतच नाही.

हौशी कारकीर्द किती मोठी होती हे आधी नीट आठवायला हवे, कारण बीजिंगच्या कांस्यपदकाखाली बाकीचे सगळे झाकले जाते. भिवानी जिल्ह्यातल्या कालुवास गावचा, हरियाणा रोडवेजच्या बसचालकाचा हा मुलगा २००४ मध्ये अठराव्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकला गेला आणि पहिल्याच फेरीत हरून परतला. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि मग २००८ चे बीजिंग, जिथे त्याने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९–४ असे हरवून भारताचे मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक पदक निश्चित केले. उपांत्य फेरीत क्यूबाच्या एमिलिओ कोरेआकडून तो ५–८ असा हरला. मला मात्र त्याची खरी प्रत उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएवशी झालेल्या तीन लढतींत दिसते. २००९ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत अतोएवने त्याला उपांत्य फेरीत रोखले आणि पुढे सुवर्णपदक घेतले. पुढच्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत विजेंदरने त्याच जगज्जेत्याला ७–० असे हरवले. ज्या गुणपद्धतीत पाचपैकी किमान तीन पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई, त्या पद्धतीत समोरच्याला शून्यावर ठेवणे म्हणजे अंतराचा, पावलांचा आणि बचावाचा पूर्ण अंमल. लंडनला २०१२ मध्ये अतोएवने १३–१७ अशी परतफेड केली. ही बरोबरीच्या माणसांची झुंज होती. पुढच्या सात-आठ वर्षांत विजेंदरच्या वाट्याला अशी झुंज क्वचितच आली.

आता आक्षेप घेऊ, आणि सर्वांत जड तो आधी घेऊ. सरकारने त्याच्या शिबिरांवर, परदेश दौऱ्यांवर, प्रशिक्षकांवर खर्च केला; हरियाणाने त्याला पोलिस उपअधीक्षकाचे पद दिले; खेलरत्न आणि पद्मश्री मिळाली. मग २०१५ च्या जूनमध्ये, रिओ ऑलिंपिक वर्षभरावर आलेले असताना, इंग्लंडच्या प्रवर्तकाशी, म्हणजे लढती भरवणाऱ्या प्रमोटरशी, करार करून त्याने निघून जावे का? त्या काळच्या नियमाने व्यावसायिक झालेल्याला ऑलिंपिकचे दार बंद होते, म्हणजे या निर्णयात देशाचे संभाव्य पदक खर्ची पडत होते. हा आक्षेप भावनिक म्हणून झटकून टाकता येणार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क लोकांना आहे.

पण हिशेबच मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडू. अथेन्सपासून २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत सलग दहा वर्षे हा माणूस देशासाठी लढला आणि तीन ऑलिंपिक खेळला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरकडून आपण बंधपत्र लिहून घेतो. किती सेवा, किती काळ, न केल्यास किती दंड, सगळे त्यात असते. खेळाडूकडून असे काहीही लिहून घेतलेले नसते, आणि मग वाटेल तेव्हा वाटेल तेवढी निष्ठा वसूल करता येते. शिवाय २०१५ साली ज्या व्यवस्थेत त्याने थांबायला हवे होते असे आपण म्हणतो, ती व्यवस्था तरी कुठे होती? डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीच्या गोंधळापायी आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले. २०१४ मध्ये नवी संघटना उभी राहिली, ती वर्षभरात आपसातल्या भांडणाने कोसळली, हंगामी समिती आली, आणि आजचा महासंघ उभा राहायला सप्टेंबर २०१६ उजाडले, म्हणजे रिओ उरकल्यावर. ज्या काळात देशात या खेळाला धड घरच नव्हते, त्या काळात घर सोडल्याचा ठपका विजेंदरवर ठेवणे अजब आहे.

निष्ठेच्या युक्तिवादामागे आणखी एक समजूत दडलेली असते: हौशी खेळ निर्मळ आणि व्यावसायिक खेळ बाजारू. ही समजूत मुळात आली कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हौशी कोणाला म्हणावे याचे नियम झाले, तेव्हा पैसा घेणाऱ्याबरोबरच हाताने काम करणारा मनुष्यही बाहेर ठेवला गेला. हेन्ली येथील नौकानयन स्पर्धेच्या १८७९ च्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना स्पष्ट मज्जाव होता. पूर्वी गवंडीकाम केलेल्या जॉन केलीला १९२० मध्ये हेन्लीत प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी त्याने अँटवर्पला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. आपल्याला तर इतके लांब जायचीही गरज नाही. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी राखणारे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि शंभराहून अधिक बळी घेऊन आले. त्या संघाचे कर्णधार पतियाळाचे महाराज होते. ज्याला उपजीविकेची चिंता नाही त्याचाच खेळ शुद्ध, असा हा दंडक आहे, आणि बसचालकाच्या मुलाला तो लावताना आपण कोणाची भाषा बोलतो आहोत याचे भान ठेवायला हवे. भिवानीच्या आखाड्यांतून आणि क्लबांतून मुले मुष्टियुद्धाकडे वळली ती प्रामुख्याने सैन्यातल्या, रेल्वेतल्या, पोलिसांतल्या खेळाडूंसाठीच्या नोकरीकडे पाहून. विजेंदरचा थोरला भाऊ मनोज याच वाटेने सैन्यात गेला. ही नोकरी म्हणजे वेतनच आहे. आपला हौशी मुष्टियोद्धा कधीच बिनपगारी नव्हता; त्याचा मालक सरकार होते, एवढेच.

ज्यांना या वेतनाचाही आधार मिळाला नाही त्यांचे काय झाले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. खाशाबा जाधव हेलसिंकीला जावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. १९५२ चे ते कांस्यपदक घेऊन आल्यावर तीन वर्षांनी खाशाबांना पोलिसांत नोकरी लागली, आणि अर्जुन पुरस्कार तर मृत्यूनंतर आला. याच महाराष्ट्रात जत्रेच्या फडात नारळापासून लाखांपर्यंतच्या इनामावर कुस्त्या लागतात, गदा जिंकलेला मल्ल दुसऱ्याच महिन्यात एखाद्या गावच्या मैदानात शेवटची कुस्ती खेळतो, आणि गावकरी फेटा बांधून त्याची मिरवणूक काढतात. मातीवर इनाम घेणारा मल्ल मॅटवर देशाच्या पदकासाठी उतरला तर त्याला कोणी बाटलेला म्हणत नाही. मग ग्लोव्हज घातल्याबरोबर आपल्या कसोट्या का बदलतात?

क्यूबाचे उदाहरण हौशीवादी नेहमी देतात, आणि ते वजनदार आहेच. क्रांतीनंतर तिथे व्यावसायिक खेळावर बंदी आली. तिओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन सुवर्णपदके जिंकली आणि लाखो डॉलर नाकारले. फेलिक्स साव्होनने पुढे तोच विक्रम केला. भारताला तर या शाळेचा थेट लाभ झाला, कारण आपल्या संघाला घडवणाऱ्यांत गुरबक्षसिंग संधूंच्या जोडीला क्यूबाचे ब्लास इग्लेसियास फर्नांडेझ होते. पण गोष्ट तिथे संपत नाही. स्टीव्हन्सनच्या नंतरच्या पिढ्यांतले कितीतरी क्यूबन मुष्टियोद्धे संघाच्या शिबिरातून रातोरात पळाले आणि अमेरिकेत व्यावसायिक झाले. शेवटी २०२२ च्या मे महिन्यात क्यूबाने स्वतःच आपले मुष्टियोद्धे मेक्सिकोत व्यावसायिक लढतींना उतरवले. साठ वर्षांच्या बंदीनंतर, आणि तीही जगातल्या सर्वोत्तम हौशी व्यवस्थेने, हा निर्णय घेतला. ज्यांच्याकडे त्या व्यवस्थेचा दहावा हिस्साही नाही त्यांनी बंदीचे गोडवे गावेत का?

आणि निर्मळपणाबद्दल बोलायचे तर १९८८ चे सोल ऑलिंपिक विसरता येत नाही. अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हुनला तिन्ही फेऱ्या धुऊन काढले आणि सुवर्ण कोरियाला गेले. रिओनंतर तिथे काम केलेल्या सगळ्याच पंचांना बाजूला ठेवावे लागले, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक महासंघाची मान्यताच काढून घेतली. पैशाची देवघेव नसलेल्या ठिकाणी लबाडी होत नाही हा भ्रम आहे.

येथवर मी विजेंदरच्या बाजूने बोललो. आता त्याच्या चाहत्यांकडे वळू, कारण त्यांचा युक्तिवाद तितकाच पोकळ आहे. चौदा लढती, तेरा विजय, एक पराभव हा आकडा ते पुढे करतात. विजेंदरने सुरुवात केली ती मँचेस्टरमध्ये १० ऑक्टोबर २०१५ रोजी सनी व्हायटिंगला तिसऱ्या फेरीत थांबवून. पंधरा महिन्यांच्या आत आठ लढती झाल्या, त्यांत जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये केरी होपला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवून मिळवलेला डब्ल्यूबीओ या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा आशिया-पॅसिफिक विजेतेपदाचा पट्टा होता. होप एकेकाळचा युरोपीय विजेता, त्यामुळे ती लढत कसदारच होती. पण हा पट्टा प्रादेशिक आहे. जागतिक क्रमवारीत वर चढायची ती पायरी आहे, जागतिक विजेतेपद नव्हे, आणि आपल्या दूरचित्रवाहिन्यांनी त्या रात्री हा फरक जणू नव्हताच असे दाखवले. त्यानंतरच्या सहा वर्षांत मिळून सहाच लढती झाल्या. २०१८ आणि २०२० ही वर्षे पूर्ण कोरडी गेली. जागतिक विजेतेपदासाठी तो एकदाही उतरला नाही.

प्रतिस्पर्धी निवडून आणलेले होते, हा टीकाकारांचा मुद्दा इथे येतो. तो बहुतांशी खरा आहे. पण व्यावसायिक मुष्टियुद्धाचा तो शिरस्ताच आहे, आणि याला नुरा कुस्ती म्हणणे चूक ठरेल, कारण नुरा कुस्तीत निकाल आधी ठरतो आणि इथे फक्त जोड आधी ठरते. रोमचे सुवर्ण घेऊन आलेल्या कॅशियस क्लेची, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीची, १९६० मधली पहिली व्यावसायिक लढत टनी हनसेकरशी झाली, आणि हनसेकर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका लहान गावचा पोलिस प्रमुख होता. फरक वयात आहे. क्ले तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि जगज्जेत्या सनी लिस्टनसमोर उभे राहायला त्याच्याकडे सव्वातीन वर्षे आणि एकोणीस लढती होत्या. विजेंदर पहिल्या लढतीला तिशीच्या उंबरठ्यावर होता. या वयात दोनच मार्ग उरतात. पहिला, युक्रेनच्या लोमाचेन्कोसारखा: दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांनंतर दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक पट्ट्यासाठी उतरायचे, हरायचे, आणि तिसऱ्या लढतीत तो जिंकायचा. दुसरा, दर दोन महिन्यांनी लढत राहून झटपट वर चढायचा. विजेंदरने दुसरा मार्ग धरला, तो सव्वा वर्ष नेटाने चालला, आणि मग तो मार्गच थांबला.

का थांबला? दुखापती होत्या, नंतर कोरोना होता, २०१९ मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेची निवडणूक लढवण्याचा त्याचा स्वतःचा निर्णयही होता, आणि त्याची जबाबदारी त्याचीच आहे. पण मुख्य कारण या खेळाच्या घडणीत आहे. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला प्रवर्तक, वाहिनी, स्टेडियम आणि तिकीट घेणारा प्रेक्षक एकत्र आल्याशिवाय तारीख मिळत नाही. ब्रिटनमध्ये १९२९ पासून नियंत्रण मंडळ आहे, छोट्या सभागृहांतल्या लढतींची साखळी आहे, दर आठवड्याला कुठे ना कुठे कार्यक्रम असतो. विजेंदरसाठी भारतात प्रत्येक लढत हा नव्याने उभारायचा सोहळा होता, आणि त्यात खर्च, प्रायोजक, राजकारणी, नटनट्या सगळे आले. वरळीला ऑगस्ट २०१७ मध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीशी झालेली लढत पाहा. डोकलामच्या सीमावादाचा ताण होता, जाहिरातीत देशभक्तीचा भडिमार होता. रिंगमध्ये समोर डावखुरा, तरुण, सतत अंगावर येणारा प्रतिस्पर्धी होता, आणि दहा फेऱ्यांनंतर तिघांपैकी दोन पंचांच्या कागदावर विजेंदर फक्त एका गुणाने पुढे होता: ९५–९४, ९५–९४, तिसऱ्याकडे ९६–९३. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती झुल्पिकारकडून जिंकलेला पट्टा चीनला परत देऊन सीमेवर शांतता नांदावी, या त्याच्या रिंगमधल्या उद्गारांची. बत्तिसाव्या वर्षाकडे झुकलेल्या आपल्या नायकाला एका नवख्याने दहा फेऱ्या दमवले, याचा अर्थ काय, हे फारसे कोणी विचारले नाही. ती लढत नीट वाचली असती तर पणजीचा धक्का बसला नसता.

पणजीत १९ मार्च २०२१ रोजी, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर, सोळा महिन्यांच्या खंडानंतर पस्तिशीतला विजेंदर रशियाच्या आर्तिश लोपसानसमोर उभा राहिला. लोपसान नऊ वर्षांनी लहान आणि उंचीला चार इंच अधिक होता. उंच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आत शिरून ठोसे मारावे लागतात, आत शिरायला पाय लागतात, आणि पाय हे सरावाच्या पोत्यावर राखता येत नाहीत, ते लढून राहतात. पाचव्या फेरीत लढत थांबली. ज्याने ग्वांगझूला अतोएवला जवळही फिरकू दिले नव्हते तो माणूस अंतराच्या गणितातच हरला. त्याआधीच्या चार वर्षांत जेमतेम चार लढती, याचा अर्थ शरीराच्या भाषेत असा लिहिला जातो.

इथे शेवटचा, आणि मला सर्वांत कळीचा वाटणारा आक्षेप येतो: शरीराचा. व्यावसायिक लढतीत डोक्यावर अधिक फेऱ्या, अधिक ठोसे पडतात. १९८२ मध्ये लास वेगासला कोरियाच्या किम दुक-कूचा चौदाव्या फेरीनंतर मृत्यू ओढवला आणि पंधरा फेऱ्यांच्या लढती बारावर आल्या. मुहम्मद अलीचे थरथरते हात जगाने पाहिले. म्हणून हा मार्गच नको, असे काही सुज्ञ लोक म्हणतात. त्यांची काळजी मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही, कारण पुरुषांच्या हौशी लढतींतही २०१३ पासून डोक्यावरचे संरक्षक कवच गेले आणि दुखापतीची शक्यता तिथेही आहे. धोका असेल तिथे नियम लागतात. अमेरिकेत १९९६ चा सुरक्षा कायदा आहे, २००० चा अलीच्याच नावाचा कायदा आहे, ज्यात प्रवर्तक आणि व्यवस्थापक या भूमिका वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि मुष्टियोद्ध्यापुढे पैशाचे तपशील उघड करावे लागतात. आपल्याकडे व्यावसायिक मुष्टियुद्धासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. लढत थांबवली गेलेल्या योद्ध्याने किती दिवस रिंगमध्ये उतरू नये आणि मेंदूची तपासणी कोणाच्या खर्चाने व्हावी, ही बांधिलकी आज आयोजकाच्या भल्या मनावर सोडलेली आहे. विजेंदरसारख्या नामवंताची काळजी घेतली जाते. त्याच्या कार्यक्रमातल्या पहिल्या, रिकाम्या खुर्च्यांसमोरच्या लढतीत उतरणाऱ्या मुलाचे काय? देशनिष्ठेच्या भांडणात त्या मुलाचा उल्लेखही होत नाही.

दार दोन्ही बाजूंनी उघडे असू शकते हे आता सिद्ध झाले आहे. जून २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने व्यावसायिकांना ऑलिंपिकची परवानगी दिली, पण तेव्हा विजेंदरची दिल्लीतली होपविरुद्धची लढत तोंडावर आली होती आणि रिओ दोन महिन्यांवर होते. त्याच्यासाठी त्या परवानगीला अर्थ नव्हता. रिओत मोजके व्यावसायिक उतरले आणि त्यांतला माजी जागतिक विजेता हसन एनडाम पहिल्याच लढतीत हरला, म्हणजे व्यावसायिक आले की हौशी संपले, ही भीतीही उगाच निघाली. आपल्या विकास क्रिशनने अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकल्या, परत येऊन टोकियोची पात्रता मिळवली, आणि तिथे खांद्याच्या दुखापतीसह पहिल्या फेरीत हरला. हरला, पण जाण्या-येण्यात कोणाची निष्ठा बुडाली नाही.

निशांतने विजेंदरपेक्षा पाच वर्षे आधी सुरुवात केली आहे आणि लॉस एंजेलिस २०२८ मध्ये मुष्टियुद्ध असणार आहे. त्याला त्या वेळी परत यायचे असेल तर कोणत्या तारखेपर्यंत कळवावे, कोणत्या वजनगटात कोणाशी चाचणी द्यावी, आणि त्याचा प्रवर्तक नकार देऊ लागला तर महासंघ काय करणार, हे आज लेखी ठरवता येण्यासारखे आहे. ते २०२८ च्या वसंतात, दूरचित्रवाणीच्या चर्चेत ठरू नये.